रेणूंचा वृक्ष आणि रक्ताची परीक्षा

छातींत कळ आली म्हणून एखादा गृहस्थ मध्यरात्रीं इस्पितळांत येतो. कळ अपचनाची आहे कीं हृदयाची, हें त्याला स्वतःला सांगतां येत नाहीं. आणि पुष्कळदां नुसत्या तपासणीवरून डॉक्टरांनाहि सांगतां येत नाहीं. हृदयाच्या विद्युत्स्पंदनांचा आलेख काढावा, तर झटका येऊन गेला असतांहि तो आलेख कधीं कधीं निर्दोष दिसतो. अशा वेळीं निर्णय रक्तावर येऊन ठेपतो. हृदयाच्या स्नायूला इजा झाली म्हणजे त्यांतील ट्रोपोनिन नांवाचें प्रथिन पेशींतून बाहेर पडून रक्तांत उतरूं लागतें. कांहीं तासांच्या अंतरानें केलेल्या परीक्षांत तें चढतें दिसलें तर रोग्याला ठेवून घ्यावयाचें. न दिसलें तर दुखण्याचें कारण अन्यत्र शोधावयाचें. या परीक्षेंत चूक झाली तर तिचा परिणाम दोन्ही बाजूंनीं वाईट. एक तर निरोगी मनुष्य विनाकारण औषधोपचारांच्या तडाख्यांत सांपडतो, नाहीं तर ज्याला तातडीनें उपचार हवेत तो घरीं परत जातो.

आतां हें प्रथिन रक्तांत असतें तरी किती? निरोगी मनुष्याच्या एक लिटर रक्तद्रवांत त्याचें वजन ग्रॅमच्या अब्जांश भागाच्या फार तर कांहीं पट भरतें. एका लिटरांत एकच अब्जांश ग्रॅम धरला आणि लिटरचा वीस हजारावा भाग म्हणजे एक थेंब मानला, तर त्या थेंबांत ट्रोपोनिनचे सुमारे १२ लाख रेणू येतात. आंकडा मोठा वाटतो खरा. परंतु त्याच थेंबांत इतर प्रथिनांचे रेणू इतके असतात कीं, दर २,५०० कोटींमागें ट्रोपोनिनचा एक, असें प्रमाण पडतें. तांदळाच्या ५,००० पोत्यांतून एकच विवक्षित दाणा वेचून काढावा, तसा हा प्रकार आहे. आणि तोहि सावकाश नव्हे; रोगी खाटेवर वाट पाहत असतांना.

हें काम जमतें तें प्राणिशरीरानें स्वसंरक्षणार्थ घडविलेल्या एका प्रथिनाला. त्याला प्रतिपिंड, किंवा इंग्रजी नांवानें अँटिबॉडी, म्हणतात. १८९० सालीं बर्लिन येथें एमिल फोन बेरिंग आणि जपानी संशोधक शिबासाबुरो कितासातो यांनीं असें दाखवून दिलें कीं, धनुर्वाताच्या विषाला सरावलेल्या प्राण्याच्या रक्तद्रवांत त्या विषाला निष्प्रभ करणारा गुण उतरतो, आणि तो रक्तद्रव दुसऱ्या प्राण्याला टोचला असतां त्याचेंहि रक्षण होतें. या गुणाचें अधिष्ठान म्हणजेच प्रतिपिंड होय. त्याच्या रेणूचा आकार झाडाच्या बेचक्यासारखा असतो: खालीं एक देठ आणि वर दोन बाहू. प्रत्येक बाहूच्या टोकाशीं एक खोबण असते, आणि त्या खोबणींत एका विवक्षित आकाराचाच रेणु नेमका बसतो. देठाकडून मात्र पकडण्याचें काम होत नाहीं. ही गोष्ट ध्यानांत ठेवावयास हवी. कारण पुढील सारा प्रश्न तिच्याभोंवतींच फिरतो.

प्रतिपिंडाच्या या निवडक पकडीचा उपयोग मोजमापासाठीं करून घेण्याची युक्ति न्यूयॉर्क येथील रोझॅलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनीं १९६० च्या सुमारास सिद्ध केली. त्यांनीं रक्तांतील इन्सुलिन मोजण्यासाठीं किरणोत्सर्गी खूण वापरली. बर्सन १९७२ सालीं निवर्तले. यॅलो यांना १९७७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. १९७१ सालीं स्टॉकहोम येथें एव्हा एंगव्हाल व पेटर पेर्लमान यांनीं किरणोत्सर्गी खुणेऐवजीं एन्झाइमाची खूण वापरली, आणि द्रव्य सांपडल्याची साक्ष रंगाच्या रूपानें डोळ्यांना दिसूं लागली. पुढें १९७५ सालीं केंब्रिज येथें गेऑर्ग कोलर व सेझर मिल्स्टाइन यांनीं एकाच जातीचीं, तंतोतंत सारखीं प्रतिपिंडें प्रयोगशाळेंत वाटेल तितकीं निर्माण करण्याचा मार्ग दाखविला. तेव्हांपासून पारखी कोण, हा प्रश्न उरला नाहीं. उरला तो त्या पारख्याला बसवावयाचें कोठें आणि कसें, हा.

कारण प्रतिपिंडानें लक्ष्य पकडलें तरी तें कोणाला तरी कळावयास हवें. त्यासाठीं प्रतिपिंडें एखाद्या घन पृष्ठभागावर बसवितात, आणि तो पृष्ठभाग पकडीची वार्ता प्रकाशाच्या, विजेच्या किंवा कंपनाच्या भाषेंत बाहेर कळवितो. अशा साधनाला जैवसंवेदक म्हणतात. एका प्रकारांत सोन्याच्या अतिशय पातळ थरावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशांतील सूक्ष्म बदल पाहतात. स्वीडनमधील लिंकोपिंग येथें १९८३ सालीं ही रीत प्रतिपिंडांच्या कामीं आणली गेली. दुसऱ्या प्रकारांत कंप पावणाऱ्या स्फटिकावर रेणू येऊन बसले म्हणजे त्याची कंपनसंख्या किती उतरते, हें मोजतात. तिसऱ्यांत विद्युदग्रावरील प्रवाहांतला फरक टिपतात. साधनें निरनिराळीं असलीं तरी एका बाबतींत सर्व सारखींच परावलंबी आहेत: पृष्ठभागावरील प्रतिपिंडें जागीं आणि मोकळीं असतील तरच त्यांना वार्ता मिळते.

अडचण येथेंच आहे. पुष्कळ वर्षें चालत आलेली रीत अशी कीं, प्रतिपिंडांचें पाणी प्लॅस्टिकच्या वाटींत ओतावयाचें, कांहीं तास तसेंच ठेवावयाचें आणि धुऊन टाकावयाचें. जीं चिकटलीं तीं चिकटलीं. एखाद्या पंगतींत पाट, पाणी, पान कांहींच न मांडतां पाहुण्यांना एकदम आंत सोडावें, तसें हें झालें. कोणी भिंतीकडे तोंड करून बसतो, कोणी आडवा पडतो, कोणी दुसऱ्याच्या हातावर बसतो. वाढपी आला तरी ज्यांचे हात मोकळे आहेत त्यांच्याच पदरांत कांहीं पडणार! प्रतिपिंडांचेंहि तसेंच होतें. कांहीं देठावर उभीं राहतात, तर कांहीं खोबणीच्या बाजूनें पृष्ठभागाला चिकटून स्वतःची पकड गमावून बसतात. शिवाय प्रथिनाची घडी अत्यंत नाजूक असते. पाण्याशीं वैर असलेल्या कोरड्या पृष्ठभागाशीं दाट संबंध आला म्हणजे ती घडी विसकटते आणि खोबणीचा आकारच नाहींसा होतो. अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठांत जॉन बटलर व त्यांचे सहकारी यांनीं १९९० नंतरच्या वर्षांत या प्रकाराची मोजदाद केली. तींत असें आढळून आलें कीं, पॉलिस्टायरीनच्या पृष्ठभागावर नुसतीं चिकटविलेल्या प्रतिपिंडांपैकीं पकडण्याची शक्ति शाबूत असलेलीं दहांत एकहि भरत नाहींत. म्हणजे मोलानें घडविलेल्या पारख्यांपैकीं बहुतेक सारे पहिल्याच दिवशीं निकामी!

यावर उपाय म्हणजे पृष्ठभाग आणि प्रतिपिंड यांच्यामध्यें कांहीं तरी पाण्याशीं मैत्री राखणारें, मऊ आणि उंचवटा देणारें असावें. १९९० सालीं स्वीडनमध्यें बाजारांत आलेल्या एका प्रसिद्ध प्रकाश-संवेदकांत सोन्यावर डेक्स्ट्रान नांवाच्या शर्करेच्या लांब साखळ्यांचा थर दिलेला होता. प्रतिपिंडें त्या साखळ्यांना जोडलीं जात. हा उपाय चांगला होता, आणि तो पुढेंहि टिकला. परंतु साखळ्यांचें रान हें अखेर रानच. कोणती साखळी कोठें वळेल याचा नेम नाहीं, आणि खोल थरांतील प्रतिपिंडापर्यंत पोंचावयास मोठ्या रेणूला वेळ लागतो. ज्याचा आकार, उंची आणि हातांची संख्या आधींच ठरलेली आहे असा रेणु मिळाला तर काम अधिक नेमकें होईल, हें उघड होतें. तसा रेणु दुसऱ्याच एका क्षेत्रांत तयार होऊन बसला होता.

एकाच जातीचे लहान रेणू एकापुढें एक जोडून झालेल्या महारेणूला बहुवारिक किंवा पॉलिमर म्हणतात. नायलॉन, पॉलिथीन हे याचे नित्याचे नमुने. यांतील बहुतेक दोऱ्यासारखे लांब असतात. तथापि जोडणीच्या प्रत्येक ठिकाणीं एकाऐवजीं दोन फांट्यांची सोय केली, तर दोऱ्याऐवजीं वृक्ष तयार होतो. १९७८ सालीं जर्मनींतील बॉन येथें फ्रिट्झ फ्योग्ट्ले आणि त्यांचे सहकारी यांनीं अशा पायरीपायरीनें फांटे फोडण्याच्या कृतीचा पहिला नमुना प्रसिद्ध केला. अमेरिकेंतील मिशिगन संस्थानांत, मिडलंड येथील डाऊ केमिकल कंपनीच्या प्रयोगशाळेंत, डोनाल्ड टोमालिया यांनीं ही कल्पना पुष्कळ पुढें नेली आणि १९८५ सालीं आपले मोठे व सुडौल रेणू जगापुढें मांडले. ग्रीक भाषेंत वृक्षाला डेंड्रॉन आणि भागाला मेरोस म्हणतात. त्यावरून या रेणूंना डेंड्रिमर हें नांव पडलें.

टोमालिया यांच्या वृक्षाची लागवड समजण्यासारखी आहे. मध्यभागीं एथिलीनडायअमीन या द्रव्याचा एक लहानसा रेणु असतो. त्याला दोन्ही टोकांस नायट्रोजनाचे अणु असून प्रत्येकावर नवी जोडणी होण्यास दोन जागा असतात. म्हणजे एकंदर ४ फांद्या. प्रथम मेथिल अ‍ॅक्रिलेट नांवाचें द्रव्य या चार जागांवर जोडतात. मग त्यांतील प्रत्येक टोकावर पुन्हां एथिलीनडायअमीन चढवितात. चार फांद्यांचा हा पहिला रेणु म्हणजे शून्यावी पिढी. प्रत्येक फांदीच्या टोकाशीं पुन्हां दोन जागा मोकळ्या असतात. म्हणून हीच दुहेरी क्रिया परत केली म्हणजे पहिल्या पिढीचीं ८ टोकें होतात, दुसरीचीं १६, तिसरीचीं ३२, चौथीचीं ६४. आजोबा, मुलगे, नातू असा वंशवृक्ष कागदावर काढावा, तोच येथें रसायनांत उतरतो. चौथ्या पिढीच्या रेणूचा व्यास सुमारे साडेचार नॅनोमीटर असतो. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. सर्व फांद्या सर्व बाजूंना सारख्या पसरल्यामुळें हा वृक्ष जवळजवळ चेंडूसारखा गोल दिसतो, आणि त्याच्या पृष्ठभागावर रासायनिक हातमिळवणीला तयार असे अमीनचे ६४ हात बाहेर आलेले असतात.

संवेदकांत त्याची योजना अशी करतात. सोन्याच्या स्वच्छ पत्र्यावर गंधकयुक्त लहान रेणूंचा एकपदरी थर देतात. गंधकाला सोन्याची ओढ असल्यामुळें हे रेणू एका बाजूनें सोन्याला घट्ट धरून उभे राहतात. त्यांच्या मोकळ्या टोकांवर आम्लाचा गट असतो. तो गट रासायनिक रीतीनें जागृत करून त्यावर डेंड्रिमरचें द्रावण ओतलें म्हणजे डेंड्रिमर आपल्या कांहीं हातांनीं खालचा थर पकडतो. उरलेले हात वर मोकळे राहतात, आणि त्यांना प्रतिपिंड जोडतात. ही शेवटची जोडणी विचारपूर्वक केली तर दुहेरी लाभ होतो. प्रतिपिंडाच्या देठावर शर्करेच्या लहान साखळ्या असतात. पीरिआयोडेट नांवाच्या द्रव्यानें त्या साखळ्या सौम्यपणें उघडल्या, तर तेथें अमीनच्या हाताला बांधून घेणारे गट तयार होतात. अशा रीतीनें बांधलेलें प्रतिपिंड देठानें झाडाला धरतें आणि दोन्ही बाहू वर पाण्यांत मोकळे सोडतें. पंगतीचाच दाखला पुढें चालवावयाचा तर, येथें प्रत्येक पाहुण्याला पाट मिळाला, आणि तोंड पानाकडे झालें.

यामुळें होणारे लाभ तीन. पहिला, प्रतिपिंड कोरड्या पृष्ठभागापासून दूर, पाण्याच्या सान्निध्यांत राहिल्यामुळें त्याची घडी विसकटत नाहीं. दुसरा, सपाट पत्र्याऐवजीं उंचवट्यांचा पृष्ठभाग मिळाल्यामुळें तेवढ्याच जागेंत अधिक प्रतिपिंडें मोकळेपणानें बसतात. तिसरा, प्रत्येक डेंड्रिमर अनेक हातांनीं पृष्ठभागाला धरीत असल्यामुळें एखादा बंध तुटला तरी तो धुऊन जात नाहीं. म्हणून पत्रा धुऊन पुन्हां वापरावयाचा असला तरी हा थर बराच टिकाव धरतो.

ही केवळ प्रयोगशाळेंतील करामत राहिली नाहीं. डेड इंटरनॅशनल या अमेरिकन कंपनींतील प्रताप सिंग आणि त्यांचे सहकारी यांनीं १९९४ सालीं प्रतिपिंडें डेंड्रिमरला जोडून केलेल्या चाचण्यांची हकीकत प्रसिद्ध केली. डेंड्रिमरशीं जोडलेलीं प्रतिपिंडें आपली पकड कायम ठेवतात, आणि त्यांच्या साह्यानें केलेली चाचणी अधिक कार्यक्षम होते, असा तिचा निष्कर्ष होता. त्याच कंपनीनें पुढें स्ट्रॅटस सी. एस. नांवाच्या यंत्रांत ही जोडी वापरली. कांचतंतूंच्या कागदावर मध्यभागीं डेंड्रिमरला जोडलेलें प्रतिपिंड, त्यावर रोग्याचा रक्तद्रव, त्यावर एन्झाइमाची खूण लावलेलें दुसरें प्रतिपिंड, आणि शेवटीं धुण्याचें पाणी, असा तिचा क्रम असे. ज्याला कोणी पकडलेलें नाहीं तें सारें पाण्याबरोबर कडेला वाहून जाई. मध्यें उरे तें ट्रोपोनिन. त्या जागीं उमटणारा प्रकाश मोजून सुमारे पाव तासांत उत्तर मिळे. छातींतील कळ घेऊन आलेल्या मनुष्याच्या दृष्टीनें या पाव तासाची किंमत निराळी सांगावयास नको.

डेंड्रिमरचा उपयोग दुसऱ्या टोकालाहि होतो. लक्ष्य पकडल्यावर त्याची वार्ता देणारें जें दुसरें प्रतिपिंड, त्यावर एकच खूण लावण्याऐवजीं अनेक खुणांनीं लगडलेला डेंड्रिमर लावला, तर एका पकडीमागें एकाऐवजीं अनेक दिवे पेटतात आणि मंद संकेत ठळक होतो. मात्र प्रकाश देणारे रंगकण एकमेकांच्या फार जवळ आले तर ते एकमेकांचा प्रकाश गिळून टाकतात. म्हणून येथेंहि संख्येला मर्यादा घालावी लागते.

ही मर्यादेची गोष्ट सर्व विषयाला लागू आहे, आणि हात जितके अधिक तितका संवेदक चांगला, असें समजणाऱ्याची येथें निराशा होते. चौथ्या पिढीच्या डेंड्रिमरला ६४ हात असले तरी त्यावर ६४ प्रतिपिंडें बसूं शकत नाहींत. प्रतिपिंडाचा पसारा बाहूच्या टोकापासून टोकापर्यंत १४ नॅनोमीटरच्या आसपास, आणि डेंड्रिमरचा व्यास साडेचार. म्हणजे पाहुणाच पाटापेक्षां मोठा! वस्तुतः एका डेंड्रिमरवर एखाददुसरेंच प्रतिपिंड मोकळेपणानें राहूं शकतें. बाकीचे हात खालची जमीन घट्ट धरण्याच्या कामीं येतात. पिढ्या वाढवीत नेल्या तरी हा प्रश्न सुटत नाहीं. दर पिढीला टोकें दुप्पट होतात, पण व्यास मात्र सुमारे एक नॅनोमीटरनेंच वाढतो. चौथ्या पिढींत प्रत्येक टोकाच्या वांट्याला सुमारे एक चौरस नॅनोमीटर जागा येते. दहाव्या पिढींत ४,०९६ टोकें होऊन ती जागा सातव्या हिश्शावर उतरते. अशी वाढ कोठें तरी गर्दीनेंच खुंटली पाहिजे, हें फ्रान्समधील पिएर-जिल द जेन आणि एर्व्हे यांनीं १९८३ सालींच गणितानें दाखविलें होतें.

दुसरी अडचण विद्युद्भाराची. अमीनचे मोकळे हात रक्ताच्या साध्या स्थितींत धनभारित असतात, आणि रक्तांतील अल्ब्युमिनसारखीं ऋणभारित प्रथिनें निमंत्रण नसतां येऊन त्यांना चिकटतात. संवेदकाला वाटतें, लक्ष्य सांपडलें; आणि तो नसलेल्या रोगाची ग्वाही देतो. म्हणून प्रतिपिंडें बसवून झाल्यावर उरलेले हात एखाद्या निरुपद्रवी द्रव्यानें झांकावे लागतात, आणि ज्यांत ट्रोपोनिन मुळींच नाहीं अशा नमुन्यावर तोच संवेदक चालवून तो खरोखर गप्प बसतो कीं नाहीं, हें पाहावें लागतें. जो संवेदक गप्प बसावयास शिकलेला नाहीं, त्याच्या बोलण्याला वैद्यकांत किंमत नाहीं.

तिसरी अडचण खर्चाची. दर पिढीला दोन क्रिया, आणि दर क्रियेनंतर शुद्धीकरण. त्यांत कोठें एखादी फांदी अपुरी राहिली तर ती चूक पुढील सर्व पिढ्यांत उतरते. म्हणून कांहीं संशोधक एकाच भांड्यांत, एकाच क्रियेनें तयार होणारीं बहुशाख बहुवारिकें वापरून पाहतात. त्यांच्या फांद्या सारख्या नसतात. तीं बागेंतील कापलेल्या झाडाऐवजीं माळावरच्या बाभळीसारखीं वाढतात. परंतु तीं स्वस्त असतात, आणि प्रतिपिंडाला उचलून धरण्याचें काम पुष्कळ ठिकाणीं तेवढ्यानें भागतें. कोठें नेमकेपणा हवा आणि कोठें स्वस्ताई, हें त्या त्या कामावरून ठरवावें लागतें.

या सर्वांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. रक्ताच्या परीक्षेंत श्रेय नेहमीं प्रतिपिंडाला मिळतें, आणि तें योग्यच आहे. तांदळाच्या ५,००० पोत्यांतील दाणा तेंच ओळखतें. परंतु त्याच्या पायाखालची जागा नीट नसेल तर त्याचें सारें ज्ञान वाया जातें. डेंड्रिमर स्वतः कांहींच ओळखत नाहीं. तो पारख्याला वर उचलतो, त्याचे हात मोकळे ठेवतो, आणि त्याला आपल्या जागीं धरून ठेवतो. एवढेंच त्याचें काम. मध्यरात्रीं इस्पितळांत आलेल्या गृहस्थाला त्याचें नांवहि कळत नाहीं. त्याला कळतें तें इतकेंच कीं, रक्त घेतल्यावर डॉक्टर फार वेळ न लावतां परत आले, आणि त्यांनीं जें सांगितलें तें खरें निघालें.